चुकीच्या पानावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना कायद्याचा ग्रंथ आहे. माझी जाडी विचारू नका. मला दोन हातांनी उचलावं लागतं एवढं सांगितलं म्हणजे पुरे. माझ्या पोटात एक नाही, अकरा कायदे आहेत. लग्नाचा, वारशाचा, दत्तकाचा, पोटगीचा, पालकत्वाचा. थोडक्यात, घरातली माणसं ज्या ज्या कारणांवरून एकमेकांशी भांडतात, ती सगळी कारणं माझ्यात कलमवार लिहून ठेवलेली आहेत.

मला बांधणाऱ्या कारागिराने दोन दिवस दाबाखाली ठेवलं आणि मग माझ्या कण्यावर 'भारतीय कौटुंबिक कायदे' अशी अक्षरं उमटवली. तिथून मी थेट विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आलो. तिथल्या ग्रंथपालबाईंनी माझ्यावर शिक्का मारला आणि मला संदर्भाच्या कपाटात बसवलं. या कपाटातली पुस्तकं बाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

माझे कामाचे दिवस मोठे मजेचे होते. मुलांनी ज्यांचं नाव 'हरकतसर' ठेवलं होतं, ते म्हातारे प्राध्यापक पोरांना घेऊन माझ्याभोवती बसत. कुणी काही बोललं की सर आधी म्हणत, "हरकत आहे." मग वादाला तोंड फुटे. सगळ्यांना एकच कौटुंबिक कायदा असावा, की ज्याच्या त्याच्या धर्माचा वेगळा? संसदेला राज्यघटनेतलं काहीही बदलता येतं, की काही गोष्टींना हात लावायचाच नाही? न्यायाधीशाने शब्द धरून चालावं, की शब्दामागचा हेतू बघावा? पोरं टेबलावर हात आपटत, आणि हात बहुतेक वेळा माझ्यावरच पडे. पण मला ती पोरं आवडत. भांडून झालं की तीच पोरं एका कपात चहा पीत.

आता एक गुपित सांगतो. कायद्याचं पुस्तक छापून झालं तरी पुरं होत नाही. कायदा बदलतो, एखादं कलम नवं येतं, एखादं जातं. मग प्रकाशक दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून पाठवतो. आमच्या बाई त्या कात्रीने कापत आणि ज्या त्या कलमावर एकाच कडेला खळ लावून चिकटवत. चिठ्ठी वर उचलली की खालचं जुनं कलम दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. "काल काय होतं ते कळल्याशिवाय आज काय आहे ते कसं कळणार?" असं त्या म्हणत. चिकटवून झालं की माझ्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात तारीख घालून सही करत.

एके वर्षी बाई लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने रजेवर गेल्या. नेमका त्याच वेळी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला. तो परीक्षा विभागातल्या कारकुनाकडे सोपवण्यात आला. माणूस प्रामाणिक, पण घाईचा. एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत होतं, 'कलम २३ वगळण्यात आले आहे'. कुठल्या कायद्याचं, ते वर बारीक टायपात होतं. त्याने मला उघडलं, त्याला पहिलं जे तेवीस दिसलं त्यावर चिठ्ठी ठेवली आणि चारही बाजूंनी खळ थापली. ते तेवीस लग्नाच्या कायद्यातलं होतं. जायचं होतं ते वारसा कायद्यातलं. तक्त्यात मात्र त्याने झोकात सही ठोकली. बाई परत आल्या, त्यांनी तक्ता पाहिला, सगळं जागच्या जागी दिसलं. मला सगळं कळत होतं हो, पण पुस्तकाला साधं खोकताही येत नाही.

अशी काही वर्षं गेली. बाई दर वर्षी नवी आवृत्ती मागवा म्हणून लिहीत आणि दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर येई. सरांना तर कायदा तोंडपाठ, ते मला उघडत तरी कशाला?

मग ती मुलगी आली. पहिल्या वर्षाची, किडकिडीत, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. घरी तिला बारकी म्हणत. वारसा कायदा तिला अजून शिकवलेला नव्हता. एका शनिवारी ती बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, हे पुस्तक घरी नेऊ? सोमवारी सकाळी आणून देते. आत्याचा प्रश्न आहे."

बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला.

बारकीच्या घरी मला शिलाई मशीनच्या फळीवर ठेवलं गेलं. पुढच्या खोलीत, खिडकीशी, तिची आत्या शाळेचे गणवेश शिवत असे. आत्याने लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाला वाढवलं, मग त्याच्या या आई नसलेल्या लेकीला वाढवलं, म्हाताऱ्या वडिलांचं शेवटपर्यंत केलं. वडील मागच्या वर्षी गेले. घर त्यांनी स्वतः बांधलेलं, वारस दोघंच, आत्या आणि बारकीचे बाबा.

बाबा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत. त्यांना पुढच्या खोलीत दुकान काढायचं होतं आणि घर एकट्याच्या नावावर हवं होतं. माणूस वाईट नव्हता हं. बहिणीला चष्मा लागला तेव्हा स्वतः जाऊन फ्रेम निवडून आणणारा भाऊ होता. त्याला कुणीतरी जुन्या माहितगाराने सांगितलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं.

"ताई, तुझा हिस्सा आहे, नाही कुठे म्हणतो? पण राहत्या घराची वाटणी बहिणीला मागता येत नाही. मग नाव नुसतं कागदावर ठेवून काय करायचंय? सोमवारी हक्कसोडपत्रावर सही करून टाक. मागची खोली तुझीच की जन्मभर."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे आत्याला सुईत दोरा ओवता येत नसे. तिचं सगळं पोट त्या मशीनवर होतं.

"बारके, तू बघ गं पुस्तकात," आत्या म्हणाली. "तिथे वेगळं काही असेल तर सांग."

बारकीने मला उघडलं. वारसा कायदा, कलम तेवीस. तिने मोठ्याने वाचलं की पुरुष वारस वाटणी करायचं ठरवत नाहीत तोवर स्त्री वारसाला राहत्या घराची वाटणी मागता येणार नाही. अविवाहित मुलीला तिथे राहता येईल, तेवढंच. त्या पानावर चिठ्ठी नव्हती. तिने शेवटचा तक्ताही तपासला, हुशार पोर. तक्ता पुरा भरलेला होता.

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. "लिहिलंच आहे तर मग काय," ती म्हणाली आणि पुन्हा पायडल मारू लागली. मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझ्याकडे बघून कुणी इतक्या मुकाट्याने मान खाली घातली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी सकाळी बारकीने मला परत केलं आणि ती वर्गात गेली. आत्या आणि बाबा साडेअकराला नोंदणी कार्यालयात जाणार होते. इकडे वर्गात लग्नाचा कायदा चालला होता. एक पोरगा उठून म्हणाला, "सर, यातलं कलम तेवीस रद्द झालंय."

"हरकत आहे," सर म्हणाले. "कुणी सांगितलं?"

"ग्रंथालयातल्या पुस्तकात तशी चिठ्ठी आहे."

"घेऊन ये ते पुस्तक."

मला आणलं गेलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मला डोळ्यांजवळ धरलं आणि ते बारीक टायपातलं वाचलं. मग इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अरे, ही चिठ्ठी वारसा कायद्याची! कुठल्या महाभागाने इथे डकवली? त्या कलमावरून केवढं रण माजलं होतं ठाऊक आहे? एक बाजू म्हणायची, बहिणींनी वाटणी मागितली तर घरं मोडतील. दुसरी म्हणायची, हक्क द्यायचा आणि मागायची बंदी करायची, ही कुठली रीत? दोन हजार पाच साली ते कलम काढून टाकलं."

बारकी उभी राहिली.

"सर, म्हणजे आता बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येते?"

"भावाला येते तशीच."

तिने पुढे होऊन मला टेबलावरून उचललं. "मी पुस्तक नेते, सर."

"अगं, संदर्भग्रंथ आहे तो, बाहेर..." सर बोलता बोलता थांबले. "ने. पळ."

पोर धावली. मी काही हलका नाही, पण तिने मला एकदाही खाली ठेवलं नाही. नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर दोघं भाऊ-बहीण शेजारी बसली होती. कागद आत्याच्या मांडीवर होता, पेन हातात. बारकीने मला त्या कागदावरच ठेवलं, चिठ्ठी दाखवली आणि धापा टाकत सगळं सांगितलं. "मी चुकीचं वाचलं, आत्या. माझी चूक झाली."

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही गं, ताई."

"मलाही नाही," आत्या म्हणाली. मग पेनाला टोपण लावून म्हणाली, "आता विचार."

"काय विचारू?"

"पुढची खोली हवी ना तुला? आजवर सांगत होतास. आता विचार."

बाबांनी मान खाली घातली. "ताई, पुढची खोली मला देशील?"

"नाही रे," आत्या म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला नाही म्हटलं होतं. मग बाबांनी कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि मला स्वतः उचलून महाविद्यालयापर्यंत आणलं.

बाईंनी ती चिठ्ठी वाफेवर सोडवली. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी नुसता तक्ता पाहिला, पान पाहिलं नाही," असं त्या मला एकट्यालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या आणि मग त्यांनी चिठ्ठी योग्य पानावर लावली, एकाच कडेला.

मित्रांनो, आता माझी पानं पिवळी पडली आहेत. मला पुसा, वाळवीपासून जपा, हे तर मी म्हणणारच. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. मी फार ठासून बोलतो, म्हणून माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 'हे अजून असंच आहे का?' असं मला खुशाल विचारा, मला राग येणार नाही. आणि कायदा बदलला की मलाही कळवा, योग्य पानावर कळवा. कुणाच्या घरी मला पुन्हा खोटं बोलायला लावू नका.