नेड्राचा उजवा हात

रविवारी संध्याकाळी सात वाजले की नेड्रा फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसायची. तिकडे अमेरिकेत, आयडाहोत, तेव्हा सकाळ असायची. लरू काय ती सकाळीच ताळ्यावर असायची, दुपारनंतर सगळा आनंदच.

लरू म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेली तेव्हा नेड्रा शाळेत होती. लरूनंच तिच्या वेण्या घातल्या, फ्रॉक शिवले, लग्नातला केकसुद्धा लरूनंच केला. आता ती पोकाटेलोतल्या वृद्धाश्रमात होती, आणि तिची मुलगी कॉलीन दर रविवारी तिच्यासमोर फोन धरायची.

"मॉम, बघ कोण आहे!"

लरू बघत राहिली. नेड्राचा जीव टांगणीला.

"नेडी," लरू म्हणाली. "केस कुणी कापले गं तुझे? मेंढी भादरल्यासारखे?"

नेड्राला हसूही आलं आणि रडूही आलं. "इथेच कापले. ग्युम्रीत. आर्मेनियात आहोत ना आम्ही, मिशनवर."

"अजून? पुरे की आता. देवाचं सगळं तुम्ही दोघांनीच करायचं का?"

"ऑगस्टअखेर येते."

"नक्की?"

"अगं नक्की म्हणजे नक्की."

मग कॉलीन फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आली. "मावशी, स्पष्टच सांगते. परवा मला 'अहो बाई' म्हणाली. डॉक्टर म्हणतात पानगळीपर्यंत माणसं ओळखेल, पुढचं काही खरं नाही. ऑगस्ट म्हणजे ऑगस्टच. पुढे ढकलू नकोस."

"ढकलते कशाला? व्हर्ललाही माहितीये."

व्हर्ल, तिचा नवरा, आतल्या खोलीत बूट पॉलिश करत होता. ब्रश मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

दोघं सत्तरी ओलांडलेली, चर्चनं परदेशी सेवेला पाठवलेली. स्टॉडर्ड नवरा-बायको. चर्चच्या भाषेत एल्डर स्टॉडर्ड आणि सिस्टर स्टॉडर्ड, छातीवर काळी पाटी लावून. दिवस कसे जायचे? जिने चढण्यात. एखाद्या म्हातारीला ब्लँकेट पोचव, कुणाची चाकाची खुर्ची दुरुस्त कर, मंगळवारी पोरांना इंग्रजी शिकव. विशी न गाठलेल्या मिशनरी पोरांच्या खोल्या तपासायच्या. फ्रिज उघडला की आत हिरवी बुरशी, आणि पोरं म्हणणार, सिस्टर, ते चीज आहे. रविवारी नेड्रा चर्चमध्ये पियानो वाजवायची. आणि दिवसातून एकदा तरी कुणाच्या तरी घरी कॉफीला नाही म्हणायचं. हे सगळ्यात अवघड. धर्मात कॉफी नाही, आणि या गावात कॉफी नाकारणं म्हणजे घरच्यांच्या तोंडावर दार आपटणं.

खालच्या मजल्यावरच्या वार्सेनिकला तर दीड वर्ष झालं तरी ते पटलेलं नव्हतं.

"नेड्रा जान, दारू नाही, सिगारेट नाही, कॉफी नाही. मग नवरा सहन कसा करतेस?"

नेड्राचं आर्मेनियन मोडकंतोडकं. पण या प्रश्नाचं उत्तर तिला नीट यायचं. "प्रार्थना करते," ती म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

खरं सांगायचं तर व्हर्ल सहन करण्यासारखाच होता. ब्लॅकफूटमध्ये, आयडाहोतल्या त्यांच्या गावी, त्यानं आयुष्यभर शाळेची बस चालवली. त्याचा धाकटा भाऊ दोनदा बिशप झाला. व्हर्लला चर्चनं कायम एकच काम दिलं, सभा संपली की खुर्च्या दुमडून ठेवायच्या. चाळीस वर्षं त्यानं खुर्च्या दुमडल्या आणि कधी हूं का चूं केलं नाही. पण इथे आल्यावर गंमत झाली. इथे म्हाताऱ्या बायका त्याच्या कोटाची बाही धरून विचारायच्या, एल्डर, मुलगा पोलंडला चाललाय, पाठवू का? आणि व्हर्ल घसा खाकरून सांगायचा. तो थोडा ताठ चालायला लागला होता. नेड्राला ते आवडलंही होतं. आधी.

जूनमध्ये सेरोब रशियाला गेला. सेरोब म्हणजे चर्चच्या इथल्या शाखेचा प्रमुख. गवंडी माणूस, बांधकामावर जास्त पैसे मिळतात म्हणून बायकापोरांसकट निघाला. शाखा केवढीशी, दोन बाकं भरली तरी देव पावला म्हणायचं. पण प्रमुख हवाच. त्या आठवड्यात व्हर्लचे फोन वाढले. फोन आला की तो बाल्कनीत जायचा आणि दार ओढून घ्यायचा.

"कोण होतं?"

"मिशन-अध्यक्ष. येरेवानहून."

"काय म्हणतात?"

"चर्चचं काम गं," तो म्हणाला आणि जेवायला बसला. लवाशच्या पोळीत चीज गुंडाळून त्यानं तीन खाल्ल्या. एरवी एक खायचा.

नेड्रानं पुढे काही विचारलं नाही. तिची चूक झाली ती इथे.

त्या रविवारी मिशन-अध्यक्ष ऑल्सन स्वतः आले. व्हर्लपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, गोड बोलणारा माणूस. पहिलं गाणं झालं, नेड्रा पियानोवरून उठून पुढच्या बाकावर येऊन बसली. ऑल्सन उभे राहिले. नाझेली नावाची मुलगी शेजारी उभी राहून आर्मेनियनमध्ये सांगत होती.

"बंधू सेरोब गेल्यामुळे एल्डर व्हर्ल स्टॉडर्ड यांना शाखाप्रमुख म्हणून बोलावणं आलं आहे. स्टॉडर्ड दांपत्यानं प्रार्थना करून आणखी एक वर्ष राहायचं ठरवलं आहे. ज्यांची संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा."

आजूबाजूचे सगळे हात वर गेले. नेड्राच्या कानात नुसतं गुं गुं. एक वर्ष. म्हणजे पुढचा ऑगस्ट.

"कुणाचा विरोध असल्यास त्यांनीही तसाच हात वर करावा."

हे नुसतं म्हणायचं असतं. सगळ्यांना माहीत असतं. हे वाक्य आलं की लोक गाण्याचं पुस्तक चाळतात, नाक पुसतात. नेड्रा लहानपणापासून चर्चमध्ये बसत आली होती, तिनं आजवर एकही हात वर गेलेला पाहिला नव्हता.

आज तिचा गेला.

ऑल्सन पुढचं वाक्य बोलायला लागले होते, ते थांबले. नाझेलीचं तोंड उघडं ते उघडंच. आणि मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मिशनरीबाई करते म्हणजे करायचंच असणार. त्यांनीही हात वर केले.

व्हर्ल मंचावर बसला होता. त्यानं नेड्राकडे बघितलं नाही. त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं.

सभा संपल्यावर ऑल्सन दोघांना मुलांच्या वर्गात घेऊन गेले. तिघंही बुटक्या खुर्च्यांवर बसले, गुडघे हनुवटीला लागतील असे.

"सिस्टर स्टॉडर्ड," ऑल्सन हळू आवाजात म्हणाले, "विरोध झाला की मला एकच प्रश्न विचारायचा असतो. एल्डरांच्या हातून काही पाप घडलंय का?"

"पाप नाही. खोटं बोलला."

"काय खोटं?"

"आम्ही दोघांनी प्रार्थना केली म्हणून सांगितलं ना त्यानं? मी नाही केली. मला कुणी विचारलंच नाही. मला ऑगस्टमध्ये घरी जायचंय. माझी बहीण मला ओळखतेय तोवर जायचंय."

ऑल्सन व्हर्लकडे वळले. "एल्डर? तुम्ही मला म्हणालात, दोघांनी गुडघे टेकले, दोघांना एकच उत्तर मिळालं."

व्हर्ल बुटांकडे बघत होता. चकचकीत बूट. नेड्राला वाटलं, आता सांगेल. सत्तेचाळीस वर्षांत हा माणूस मोठं असं खोटं कधी बोललाच नव्हता, त्याला जमणारच नाही.

मग त्यानं तिचा हात हातात घेतला. हळुवार. कुत्र्याच्या पिल्लाला धरतात तसा.

"नेड्रा, गुरुवारी. जेवण झाल्यावर, पलंगाशी. आठवत नाही का तुला?" आणि ऑल्सनना म्हणाला, "हिची थोरली बहीण... तिचंही असंच थोडंथोडं सुरू झालं होतं. मी कुणाला बोललो नव्हतो."

नेड्रा काय बोलणार? 'मला सगळं आठवतंय' म्हणाली तर? लरूही तेच म्हणायची. चिडली तर? लरूही चिडायची. ऑल्सनचा चेहरा कसा बघता बघता मऊ झाला. ते तिच्याकडे झुकले आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले.

"सिस्टर, माझ्या वडलांनाही हेच होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्हाला इथे ठेवणं बरोबर नाही. तसे डॉक्टर इथे नाहीत. दोघांना याच आठवड्यात घरी पाठवावं लागेल, मिशनचा नियमच आहे."

व्हर्लचा हात एकदम सैल पडला.

"अहो, तितकं नाहीये, अध्यक्ष. अगदी किरकोळ. मी घेईन ना काळजी."

"एल्डर, थोडंथोडंच सुरू होतं, आत्ता तुम्हीच म्हणालात. सिस्टर, मला सांगा, गुरुवारची ती प्रार्थना तुम्हाला आठवते?"

खोलीत खडूचा वास होता. नेड्रानं व्हर्लकडे बघितलं. त्याचे डोळे विनवत होते. म्हण ना, आठवलं म्हण. एवढं म्हटलं की सगळं मिटणार होतं. व्हर्ल प्रमुख, ती प्रमुखाची बायको, पुढचा ऑगस्ट. आणि लरू कुणाला तरी विचारत बसली असती, ही फोनमधली बाई कोण?

"नाही हो," नेड्रा म्हणाली. "काहीच आठवत नाही."

घरी आल्यावर व्हर्लनं टाय सोडला नाही, तसाच स्वयंपाकघरात उभा राहिला.

"तुला माहितीये आपण प्रार्थना केलेली नाही."

"हो का?"

"नेड्रा, ब्लॅकफूटमध्ये सगळ्यांना कळेल. तुझ्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतील. कॉलीन रडेल. तुला पुन्हा कुणी एकटं सोडणार नाही. कळतंय का तुला?"

"मग लाव ना फोन ऑल्सनला. सांग, मी खोटं बोललो, बायको ठणठणीत आहे."

तो फोनकडे बघत राहिला. तेही करून उपयोग नव्हता. बायकोला वेडी ठरवणाऱ्या माणसाला शाखाप्रमुख कोण करणार? परत खुर्च्याच.

"माझ्यासाठी एक वर्ष नव्हतं तुझ्याकडे?" तो म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "मला आयुष्यात एकदाच कुणीतरी बोलावलं."

"मागितलं असतंस तर नाही म्हटलं असतं मी," नेड्रा म्हणाली. "म्हणून तू मागितलं नाहीस. मला सगळं कळतं, व्हर्ल. फक्त आता ते कुणाला सांगता येणार नाही."

त्यानं सूटकेस काढली. ती शर्टांच्या घड्या घालू लागली. कॉलर वर, बाह्या मागे, त्याला आवडतात तशा.

दुसऱ्या दिवशी वार्सेनिक धाप टाकत वर आली, हातात जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी.

"वेडी झालीस म्हणे?"

"म्हणतात तसं."

"कोण म्हणतं?"

"नवरा."

"मग नवऱ्याला दाखव डॉक्टरला! माझ्या सगळ्या नातवंडांची नावं तुला पाठ आहेत. मी चुकते, तू चुकत नाहीस. खरं सांग मला, नेड्रा जान. मी काय तुमच्या चर्चची आहे?"

नेड्राच्या अगदी ओठावर आलं होतं. पण वार्सेनिकची जाऊ चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसायची, आणि वार्सेनिकच्या पोटात कधी काही राहिलं नव्हतं.

"पाठ होती," नेड्रा म्हणाली.

वार्सेनिकचा चेहराच उतरला. तिनं बरणी टेबलावर ठेवली आणि नेड्राला मिठी मारली, घट्ट, पाठीवर थोपटत. या दीड वर्षात तिनं नेड्राला शिव्या घातल्या होत्या, चिमटे काढले होते, खदाखदा हसवलं होतं. कीव आजच पहिल्यांदा केली. जाताना जिन्यात म्हणाली, "सावकाश हं, पायरी आहे." तिनं नेड्राशी कधीच असं बोलू नये, असं नेड्राला वाटलं.

विमानतळावर मिशन कार्यालयानं आधीच कळवून ठेवलं होतं. काउंटरपाशी चाकाची खुर्ची घेऊन एक माणूस उभा होता.

"हिला थोडं विसरायला होतं," व्हर्ल त्याला म्हणाला. आता त्याला ते बोलता येऊ लागलं होतं, अडखळला नाही.

नेड्रा खुर्चीत बसली. पाय धडधाकट. चौथा मजला रोज तीनदा चढणारे पाय. तिनं ते खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवले. गुरुवारी पोकाटेलो. लरू सकाळी ताळ्यावर असते, सकाळीच जायचं.

माणसानं वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि मोठ्यानं विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

तिनं व्हर्लकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. नाव सांगायचं की नाही, हे तिला क्षणभर ठरवता येईना.