फाट्यावरची चिंधी

करवंदीच्या फांदीला मारलेली गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा उल्काने वाकून ती दातांत धरली. चिंधी दवाने भिजली होती. दोन हिसक्यांत गाठ सैल झाली आणि लाल सुती कापडाचा वीतभर तुकडा तिच्या हातात आला. तिने मागे वळून पाहिले. धुक्यात बंगल्याची कौलेसुद्धा दिसत नव्हती. वरून येणाऱ्याला इथून डावी वाट बंगल्याकडे नेत होती आणि उजवी खाली, धनगरवाड्याकडे.

नाताळच्या सुट्टीत पुण्याजवळच्या मांजरीहून सगळे कुटुंब भोरच्या पुढे, घाटमाथ्यावरच्या या भाड्याच्या बंगल्यात आले होते. हवा खायला म्हणून. उल्काच्या वाट्याला मात्र घरचीच चूल आली, फक्त ती डोंगरावर मांडलेली. धाकटी जाऊ ऋजुता हिंजवडीत नोकरीला होती आणि तिला डोंगरवाटांनी पळण्याचा नाद. फेब्रुवारीत तिची पन्नास किलोमीटरची शर्यत होती. रोज पहाटे ती बूट चढवून बाहेर पडे आणि सासूबाई, मथुराबाई, शाल पांघरून ओट्यावर तिची वाट पाहत बसत. पळून आलेल्या सुनेला आले घातलेला चहा, आणि भाकरी थापणाऱ्या सुनेला "मीठ जरा बेतानं टाक." पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय! एकोणीस वर्षे उल्काही पळतच होती, पण घरातल्या घरात, आणि तिच्यासाठी ओट्यावर कुणी बसले नव्हते.

तेही तिने एक वेळ गिळले असते. साडीचे मात्र गिळवेना. मथुराबाईंची ती लाल इरकली धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झाली होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात उल्काला ताप भरला, तेव्हा सासूने अंगावरून सोडून हीच साडी तिला पांघरली होती. तिची गोधडी शिवायची, असे उल्काने कधीचे मनात धरले होते, दोनदा बोलूनही दाखवले होते. या खेपेला अंथरुणाची वळकटी त्याच साडीत बांधून आणली होती. आणि काल दुपारी ऋजुता म्हणाली,

"आई, वाटेवर खुणेला बांधायला एखादं लाल कापड आहे का? उद्या नवी वाट धरणार आहे. धुक्यात लांबून दिसायला हवं."

मथुराबाईंनी वळकटी सोडली आणि साडी टर्रकन फाडून दिली. ऋजुता पहिल्या दिवसापासून सासूला 'आई' म्हणायची. उल्का अजून 'आत्या'च म्हणत होती.

चिंधी फेकून द्यायला तिचा हात होईना. बंगल्यात आल्यावर तिने ती मिरच्यांच्या डब्यात, वाळल्या मिरच्यांच्या तळाशी दडपली. त्या डब्याला तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

आठाला येणारी ऋजुता साडेआठला आली नाही, नऊला आली नाही. उल्काला हवे होते ते एवढेच, की तिने तासभर उशिरा यावे आणि सासूने एकदा तरी म्हणावे, काय हा पोरखेळ. पण मथुराबाई रागावल्या नाहीत. त्या ओट्यावरून उठून पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते.

"फोन लागत नाहीये," दीर श्यामसुंदर बूट घालत म्हणाला.

"त्या अंगाला कडाय," उल्काचा नवरा सर्जेराव बोलून गेला.

"भाऊजी," ती म्हणाली, "करवंदीपासल्या फाट्यावरनं खाली बघा. धनगरवाड्याकडं."

"खाली कशाला जाईल ती? फाट्यावर काल संध्याकाळी मी स्वतः खूण बांधलीय."

"बघा तरी."

मथुराबाईंनी मान वळवून थोरल्या सुनेकडे पाहिले. मग पुन्हा वाटेकडे.

अकराच्या सुमारास ऋजुता आली ती श्यामसुंदरच्या खांद्यावर भार टाकून. गुडघा सोललेला, घोटा सुजलेला.

"सॉरी, आई. फाट्यावर खूण दिसलीच नाही, वाऱ्यानं उडाली असेल. तशीच उतरत गेले आणि पाय मुरगळला." ती हसायला गेली, पण तिचा आवाज फाटला. "रेस गेली बहुतेक. वर्षभराची तयारी होती."

हेच हवे होते का आपल्याला, असे उल्काला वाटले आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

"दृष्ट लागली पोरीला," मथुराबाई म्हणाल्या. "मीठ-मिरच्या आनते."

"मी आणते, आत्या." उल्का झटकन पुढे झाली.

"ऱ्हा तू. माजे हातपाय हायेत अजून."

आत डब्याचे झाकण वाजले. मग बराच वेळ काहीच वाजले नाही. मथुराबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या.

अंघोळीच्या पाण्याची चूल मागच्या पडवीत पेटलेली होती. ऋजुताला पाटावर बसवून त्यांनी उजवी मूठ तिच्यावरून ओवाळली. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..." 'घरच्या' म्हणताच उल्काने मान खाली घातली. मूठ जाळात पडली आणि सगळी पडवी खोकायला लागली. सर्जेराव तर अंगणात पळाला.

"ठसका आला. हिला न्हाई दृष्ट," मथुराबाई डोळे पुसत म्हणाल्या. लागली असती तर मिरच्या जळूनही ठसका आला नसता, हा त्यांचा हिशेब. "ऊठ, पोरी. उल्का, तू बस."

"मला कशाला, आत्या?"

"बस म्हनते न्हवं."

उल्का पाटावर बसली. डावी मूठ तिच्यावरून सात वेळा फिरली, सावकाश, केसांना घासत. या वेळी मथुराबाई तोंडाने काहीच म्हणत नव्हत्या. मग मूठ चुलीत रिकामी झाली. मीठ तडतडले. सर्वांनी नाकाला पदर, रुमाल लावले, पण कुणालाच खोकला आला नाही.

"बघा," मथुराबाई म्हणाल्या, "हिलाच लागली व्हती. लई जुनी आसंल. माज्याच ध्यानात आलं न्हाई."

"तरीच ताई आल्यापासून गप्प होत्या," ऋजुता म्हणाली आणि तिने उल्काच्या पाठीवर हात ठेवला.

मिरचीचा वास नव्हताच. सुती कापड जळल्याचा वास येत होता. जाळात लाल कापडाची एक कड क्षणभर दिसली. मथुराबाईंनी लाकूड पुढे सारले आणि ती झाकली गेली.

उल्काला पाटावरून उठवेना. तिने तोंडाला पदर लावला.

"धूर गेला डोळ्यांत," ती म्हणाली.

"जातो," मथुराबाई म्हणाल्या. "ऊठ, पानी तापलंय. आज आदी तू न्हाऊन घे. भाकरी मी थापते."