बदामाची सत्ती-छक्की

रीनोच्या त्या क्लबात पोकरच्या टेबलावर आम्ही सहाजण उरलो होतो आणि पाचांनाच वेगासच्या स्पर्धेत जागा मिळणार होती. सर्वांत कमी चिप्स माझ्या होत्या. हातात बदामाची सत्ती आणि छक्की आली. जमली तर सलग पाच पानं, नाहीतर कचरा. अशा पानांवर मी नेहमी नुसती आधीच्या बोलीची बरोबरी करायचे आणि कोणी बोली वाढवली की सोडून द्यायचे. आज पुढच्या फेऱ्यांत सगळ्यांनंतर बोलायची पाळी माझी होती, म्हणून टेबलावर एकही पान उघडण्याआधी मीच बोली वाढवली.

“लोर्ना वाढवतेय? पोरांनो, पळा!” ड्वाइट ओरडला.

बाकीचे पानं टाकून पळाले. तो स्वतः मात्र माझ्याइतक्याच चिप्स लावून थांबला.

टेबलावर दोघांच्या सामाईक पानांत राजा, नव्वी आणि दुर्री उघडली. माझं काहीच जमलं नव्हतं. ड्वाइटने टेबलावर टकटक करून बोली न लावताच पाळी माझ्याकडे सोडली. मी पुन्हा तेवढ्याच शांतपणे चिप्स पुढे सरकवल्या.

त्याने बराच विचार करून हातातली दश्श्यांची जोडी सगळ्यांना दाखवली आणि टाकून दिली. आता सर्वांत कमी चिप्स माझ्या नव्हत्या.

“राजा होता ना गं? खरं सांग.”

मी पानं पालथीच वाटणाऱ्याकडे दिली. “वेगासच्या विमानात सांगते. तू ये म्हणजे झालं.”