खडकावरचा जिताडा

मी जिताडा बोलतोय. पाण्यातला नव्हे, खडकावरचा. माझे काटे, आतडी, सगळं बाहेरून दिसेल असंच मला काढलंय. त्यामुळे माझ्या पोटात काही राहत नाही. सांगूनच टाकतो.

रूबेनच्या बापाने मला काढलं. खालच्या पाणथळीत त्याला हातभर लांब मासा मिळाला होता. तो निखाऱ्यावर भाजून होईपर्यंत स्वस्थ बसवेना, म्हणून गेरू आणि पांढरी माती घेऊन तो माझ्या मागे लागला. तो वारला. मेलेल्याचं नाव इथल्या आदिवासींत कुणी घेत नाही, मीही घेणार नाही.

मग दर दोन-तीन वर्षांनी रूबेन मला उजळायचा. हे काम त्याच्या बापाच्या वंशाचं, दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. आणि रूबेनला मूलबाळ नाही. पुढे त्याची मूत्रपिंडं गेली, नजरही गेली. रक्त धुणाऱ्या मशीनसाठी तो शहरात राहायला गेला आणि सहा पावसाळे फिरकलाच नाही. रानम्हशींनी मला अंग घासलं, गांधीलमाशीने पोटावर मातीचं घर बांधलं, ओघळांनी शेपटी नेली. मी वाट बघत राहिलो, दुसरं काय करणार!

आज तो आला. त्याची भाची डल्सी पाहुण्यांना सकाळी होडीतून मगरी, करकोचे दाखवते आणि दुपारी इथे आणते. आज तिने मामालाही होडीत बसवलं होतं. चढ चढताना दोघांचं चाललं होतं.

"मामा, मगर दिसली का?"

"मला कसली दिसतेय! तिला मी दिसलो असेन. नुसती हाडं बघून तिने तोंड फिरवलं."

डल्सीने डब्याच्या झाकणात पांढरी माती कालवली आणि गवताच्या काडीचा कुंचला त्याच्या हाती दिला. रूबेनने चाचपून मला शोधलं. पहिलीच रेघ माझ्या तोंडावरून घसरून भलतीकडे गेली. त्याने कुंचला खाली ठेवला.

"डल्सी, हात गेला गं."

टोपीवाली एक पाहुणी म्हणाली, "मग तूच रंगव की! दुकानात तुझी चित्रं बघितली मी. इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," डल्सी म्हणाली. "मी भाची. बापाच्या वंशाने रंगवायचं, बहिणीच्या मुलांनी राखायचं. याला भलत्याचा हात लागू द्यायचा नाही, हेच माझं काम. त्या भलत्यांत मीही आलेच."

मला तिचा संताप आला. तिचा हात मामापेक्षाही गोड आहे. मला जगायचं होतं हो!

"बरोबर बोललीस," मामा म्हणाला, आणि ढसाढसा रडला. डल्सीने झाकणातली माती गवतात ओतली आणि झाकण पुसून ठेवलं. त्याला उद्या सकाळी मशीनवर पोचायचं होतं.

दर खेपेला निघताना तो "येतो" म्हणायचा. आज खडकाला कपाळ टेकून म्हणाला, "जातो रे."

आता माझे दोन पावसाळे निघतील, फार तर तीन. बघायचं असेल तर त्याआधी या. पण हात लावू नका. डल्सीनेसुद्धा लावला नाही.