स्वच्छ केलेला आवाज

कुणी चहाचा कप बशीत जरा जोरात ठेवला तरी माझं डोकं उठतं. तेवीस वर्षं पेणच्या शाळेत गाणं शिकवलं, चाळीस पोरांचं बेसूर एकसाथ ऐकलं, त्याचा हा परिणाम असावा. म्हणून गेल्या वर्षी ध्वनिमुद्रणाचा ऑनलाइन कोर्स लावला, आणि त्यात ‘नको असलेले आवाज ओळखा आणि काढा’ हा धडा आला तेव्हा वाटलं, हा कुणीतरी माझ्यासाठीच लिहिलाय.

महिनाभरात कान तयार झाला. फ्रिजची घरघर वेगळी, पंख्याची वेगळी, चार्जर लावलेला असला की येणारी गुणगुण वेगळी. ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना तोंडातला वारा माइकवर आदळतो, तो माइक तिरका धरला की जातो. मी येताजाता लोकांच्या आवाजातल्या खोड्या काढायला लागले. घरातलं कुणी माझ्याशी फोनवर बोलेना.

कोर्सच्या शेवटी स्वतःचं एक रेकॉर्डिंग द्यायचं होतं. आमच्या शाळेच्या ऑफिसात काम करणारी समीक्षा म्हणाली, “मॅडम, माझ्या आईचं करा ना. ओव्या म्हणते ती. दादाला पण पाठवायच्या हायत.”

दादा म्हणजे जितेश. गुजरातमधल्या एका कंपनीत ठेकेदाराकडे वेल्डर. दोन वर्षं घरी आला नव्हता. वडिलांचं, म्हणजे गोविंदांचं, घशाचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. सुट्टी मिळत नाही म्हणाला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गोविंदांना दीड महिना तोंडातून शब्द काढू नका म्हणून बजावलं होतं. आई, गिरजाबाई, तिला एकच ध्यास होता: पोराने एकदा येऊन बापाला बघून जावं. फोनवर सांगून झालं, रडून झालं. आता ओवीतून सांगून बघायचं होतं.

रोह्याजवळच्या अष्टमी गावाच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर त्यांचं घर. अंगणात वालाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. मी माइक लावला, पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली. गोविंदा पडवीत बसून मानेनेच सगळ्याला परवानगी देत होते. गिरजाकाकी सुपात वाल घेऊन बसल्या. जातं आता कोपऱ्यात पडलेलं असतं, पण हात गोल फिरल्याशिवाय ओवी येत नाही म्हणाल्या.

“माझ्या गं दारावरनं वाट जाते रोह्याला,
येताजाता पाहते मी, बाळ दिसेना डोळ्याला.”

काय गळा होता! माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी हेडफोनमध्ये खणखण. हाताच्या प्रत्येक फेऱ्याला खणखण. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटापासून वर भरलेल्या. मधूनच उन्हात एखादी शेंग तडकायची, पण ते मी चालवून घेतलं असतं.

“काकी, तेवढ्या बांगड्या काढून ठेवता का?”

हे मी म्हणाले. दर वर्षी चैत्रात घरी हळदीकुंकू करणारी मी. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं काय बोलले ते. काकींचा हात सुपात थांबला. दुखण्यातून उठलेला नवरा समोर बसलेला, आणि मी त्याच्या बायकोला हात भुंडे करायला सांगत होते. गोविंदा माझ्याकडे नुसते बघत राहिले. बिचाऱ्यांना बोलायचीही सोय नव्हती.

“असं नाय बोलू गो बाय,” काकी हळूच म्हणाल्या. “धनी हायत माझे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, पाया पडले. “राहू देत, काकी. मी त्या कम्प्युटरवर काढते.”

“मशीनवर काय पण काढ. हातातल्या नाय निघायच्या.”

पण मशीनवर काढणंही सोपं नव्हतं. घरघर एकसारखी असते, ती एकदा दाखवली की कम्प्युटर पुसून टाकतो. बांगडी दर वेळी वेगळी वाजते, आणि नेमकी शब्दाच्या मधोमध वाजते. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. त्यात काकींचा गळा खाली रुंद पट्ट्यांत दिसायचा आणि बांगड्या वर बारीक उभ्या रेघांत. तांदळातले खडे निवडावेत तशी मी एकेक रेघ निवडली. सहा ओव्या, चारशेच्या वर रेघा, नऊ दिवस. शेंगांचं तडकणंही काढलं. उरला तो निव्वळ गळा. मी स्वतःचीच पाठ थोपटली, फाइल समीक्षाला पाठवली आणि तिने लगोलग ती दादाला पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात तोंड पाडून बसली होती.

“दादाचा फोन आलेला. बाबांना दे म्हणाला. मी म्हटलं, बोलायची बंदी हाय. तर म्हणाला, अजून किती दिवस सांगणार हे? मग व्हिडिओ लाव म्हणाला. आमच्याकडे कुठली रेंज? चित्रच हलेना. ठेवला फोन. आता लागतच नाय.”

“आईच्या ओव्या ऐकून रागावला?” मी म्हटलं. “धन्य आहे तुझ्या दादाची.” भेटला असता तर चार शब्द सुनावायची माझी तयारी होती.

रविवारी मी स्पीकर घेऊन काकींना रेकॉर्डिंग ऐकवायला गेले. गोविंदा मागच्या दारी वाल सोलत होते. काकींनी दोन ओव्या ऐकल्या आणि मान वाकडी केली.

“बरा हाय. पण कोण दुसरीच बाई म्हणते हाय असं वाटतं.”

माझा थोडा हिरमोड झाला. एवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पाठीवर सॅक, डोक्याचा चकोट, मिशीसुद्धा काढलेली. मी ओळखलं नाही. समीक्षा “दादा” म्हणाली आणि उठून उभी राहिली.

काकींनी पोराचं डोकं बघितलं आणि किंचाळल्या. बाप जिवंत असताना पोरगा डोकं भादरून दारात! याहून अभद्र ते काय?

जितेशला त्या किंचाळण्याचा अर्थ वेगळाच लागला. त्याने येऊन आईच्या पायांना मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागला. “मला का नाय सांगितलं आये? बाबा गेले ते मला का नाय सांगितलं?”

मागच्या दारातून गोविंदा आत आले. हातात सोललेल्या वालाची थाळी. जितेशने वर बघितलं. मी माणसाचा चेहरा असा झालेला कधी बघितला नव्हता. तो बसल्या जागी मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला.

“कोण बोललं तुला?” काकी म्हणाल्या. “कुणी सांगितलं मेल्याने?”

“तूच,” तो म्हणाला. “ओवी म्हणतेस त्यात बांगड्याच नाय. जन्मापासून ऐकतोय मी, हात फिरला की वाजतात. एकदा नाय वाजल्या. सहा ओव्यांत एकदा पण नाय. फोन केला तर बाबा बोलत नाय. व्हिडिओ लागत नाय. मला वाटलं सगळे मिळून लपवताय. खोलीतल्या माणसांनी तिथंच न्हाव्याकडे नेलं.”

नऊ दिवस खपून मी एका जिवंत माणसाला पुसून टाकलं होतं, आणि वर पाठ थोपटून घेतली होती.

“मी काढल्या,” मी म्हटलं. “कम्प्युटरवर. आवाज स्वच्छ यावा म्हणून.”

माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गोविंदांनी थाळी खाली ठेवली आणि पोरासमोर उकिडवे बसले. मग ते बोलले. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच. खरवडल्यासारखा आवाज होता.

“सुट्टी कशी मिळाली?”

“बाबा, बोलू नका,” समीक्षा रडत म्हणाली. त्यांनी हातानेच तिला गप्प केलं.

जितेश खाली मान घालून बोलला. “बाप आजारी हाय म्हटलं, तर चार वेळा नाय म्हणाले. बाप गेला म्हटलं, तर एका तासात सही केली.”

काकींनी तोंडात पदर कोंबला. गोविंदा पोराच्या त्या गुळगुळीत डोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्यावर हात ठेवला.

“किती दिस?”

“तेरा.”

गोविंदांनी आवंढा गिळला. तो गिळतानाही त्यांना दुखत होतं.

“मग ऱ्हा,” ते म्हणाले. “तेराच्या तेरा दिस ऱ्हा. मी बी हाय.”