पुसलेली फुले

मी एक जुना कॅमेरा आहे आणि एका गोष्टीचा साक्षीदारही. मित्रांनो, साक्षीदाराला कोणी काही विचारलेच नाही तर त्याची काय गत होते, ते माझ्याकडे बघून कळेल. सध्या माझा मुक्काम औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांमागे आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका पांढऱ्या खोलीत झाला. तोंड बांधलेल्या बायकांनी माझी काच इतकी घासली, की माशीच्या पायावरचा केसही मला दिसू लागला. दूरचे डोंगर मला विचारू नका, वीतभर अंतरावरचे काहीही विचारा. या गुणासाठीच दुकानाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे ताईंनी, मला घेतले.

ताईंच्या धाकट्या भावाची फळबाग आहे आणि बागेमागे रानफुलांचा उतार होता. फुलांच्या दिवसांत दर रविवारी सकाळी ताई तिथे पालथ्या पडून एक फूल निवडायच्या. मग घड्याळ लावून दर मिनिटाला माझे बटण दाबायच्या, फुलावर कोणी असो वा नसो. संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसायच्या आणि रिकाम्या फुलांचे फोटो पुसून टाकायच्या. म्हणायच्या, "नुसतं फूल काय बघायचं? पाहुणा हवा." पाहुण्यासकट चोवीस फोटो जमले की छापून आणायच्या. त्या वर्षाचा अल्बम पुरा व्हायचा.

पहिल्या वर्षी चोवीस फोटो एकाच सकाळी जमले. मधमाशीला भुंगा ढकलायचा, आणि तो उठतो न उठतो तोच फुलपाखरू उतरायचे. ग्रंथालयात प्रदर्शन लागले. लोक म्हणाले, "कॅमेरा भारी आहे हो." मला छाती नाही, तरी ती फुगली. ताईंचे कौतुक मागाहून झाले, हे मला तेव्हा मुळीच खटकले नाही.

तिसऱ्या वर्षी चोवीस फोटोंना सहा रविवार लागले. पाचव्या वर्षी शेवटचे फूल सुकेपर्यंत ताई जात राहिल्या. पूर्वी पुसण्याचे काम चहा निवायच्या आत व्हायचे, आता चहावर साय धरायची. मी तासभर एकाच फुलाकडे बघत राहायचो. फूल वाऱ्याने हलायचे, बाकी काही नाही. मला भीती वाटू लागली. ताईंना मात्र दर रविवारी वाटायचे, की आज आपले नशीब बरे नाही.

त्याच वर्षी बागेत फुले भरपूर आली, पण फळे धरली नाहीत. भाऊ हवालदिल झाला. उतारावरचे तण कीड पोसते, तेव्हा तिथे तणनाशक मारायचे, असे त्याने ठरवले.

"नको रे," ताई म्हणाल्या. "तुझ्या फवाऱ्यांनी माश्या आधीच कमी झाल्यात, असं वाटतं मला."

"वाटतं कशाला? पाच वर्षांचे फोटो आहेत ना तुझ्याकडे. काढ की."

त्यांनी अल्बम उघडले. पाच अल्बम, प्रत्येकात चोवीस फोटो, प्रत्येक फुलावर कोणीतरी बसलेले. भाऊ काही वाईट माणूस नव्हता. त्याने पाने दोनदा उलटून पाहिली.

"एकही फूल रिकामं नाही गं ताई. तूच बघ."

ताईंनी अल्बम मिटले. अल्बम त्यांनीच केले होते आणि त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. मी तिथेच टेबलावर होतो. बोलता येत असते तर मी घर डोक्यावर घेतले असते. पंधरा दिवसांत उतार आधी पिवळा पडला, मग तपकिरी.

यंदा उतारावर फूल नव्हते, म्हणून ताईंनी मला बागेत नेले. झाडे पांढऱ्या फुलांनी लगडली होती आणि इतके शांत होते, की माझ्या बटणाचा आवाज कुंपणापर्यंत जात होता. एका तासाचे साठ फोटो निघाले. संध्याकाळी त्या पुसायला बसल्या आणि त्यांचे बोट मध्येच थांबले, कारण पुसून काही उरणारच नव्हते. तेव्हा प्रथमच त्यांची नजर फोटोखालच्या आकड्यावर गेली. तो आकडा मी घालतो, आणि फोटो पुसला तरी मागे घेत नाही. त्यांनी अल्बम काढून फोटोंखालचे आकडे वाचले. पहिल्या वर्षीचा शेवटचा फोटो चाळिसावा होता. पाचव्या वर्षीच्या पहिल्या आणि शेवटच्या फोटोच्या आकड्यांत नऊशेंचे अंतर होते.

सकाळी त्यांनी ते भावाला दाखवले. त्याने वजाबाकी केली: नऊशेंपैकी चोवीस फुलांवर पाहुणे, बाकी सगळी रिकामी.

"हे पुसलेले फोटो तेव्हा का नाही दाखवलेस?"

"मला वाटलं, ते वाया गेलेत."

आता बहीणभाऊ शिडीवर चढून, रंगाच्या ब्रशाने एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावतात. दिवसभरात कसेबसे एक झाड होते. बागेत चारशे झाडे आहेत आणि फुले आठवडाभर टिकतात.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, असे सांगायला मी आलो नाही. तुम्ही रानफुलाचा फोटो काढाल आणि त्यावर कोणी बसलेले नसेल, तर तो पुसू नका. तारीख घालून ठेवा आणि मोठ्या माणसांना दाखवा. मला जमले नाही ते एवढेच.

काल ताईंनी मला बाटल्यांमागून काढले आणि एक फोटो घेतला. त्यात एक फूल आहे, आणि त्यावर ब्रश धरलेला भावाचा हात. "यंदाचा पहिला पाहुणा," त्या म्हणाल्या. तो फोटो त्यांनी अल्बममध्ये लावला. पुढच्या तेवीस जागा रिकाम्या आहेत.