अळीचा वाटा

आमचे मालक, म्हणजे माझे नवरे अमृतराव, हे उदगीर जिल्हा व्हावा म्हणून काढलेल्या समितीचे उपाध्यक्ष. त्या साली जिल्हाही झाला नव्हता आणि पाऊसही झाला नव्हता, पण त्यांच्या कपड्यांची इस्त्री कधी मोडली नाही.

आमच्या गावात सगळे बीटी कापूसच लावतात. या झाडाच्या अंगातच अळीचं विष असतं, बोंड कुरतडलं की अळी मेलीच. बियाण्याच्या पिशवीसोबत साध्या कापसाची एक पुडी फुकट येते. दुकानदार मन्मथअप्पा दरवर्षी बजावायचे, ही बांधाच्या कडेनं पेरा. थोड्या अळ्या साध्या झाडांवर जगल्या तर त्यांची सगळी जात विषाला सरावत नाही. मालक हसायचे. अळ्यांना पंगत वाढणारा खुळा मी नव्हे, म्हणायचे, आणि पुडी उकिरड्यावर जायची. उपाध्यक्षांचं बघून गावानंही तेच केलं. हुशारांचं गाव आमचं.

त्या दुष्काळात बोअरला एकाच रानापुरतं पाणी उरलं. ज्वारी जगवा, वर्षाची भाकर आहे, असं मी किती विनवलं. तुला विज्ञान कळत नाही, म्हणाले. पाणी कापसाला गेलं. माझी ज्वारी डोळ्यांदेखत करपली आणि मी रागानं रडले.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. त्या दिवशी रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, करून पूजा करायची आणि येईल त्याला जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. मालकांनी अख्खी समिती बोलावली. पालेभाजी-दाण्यांची भज्जी, ज्वारीची आंबिल, ज्वारीचेच उंडे सगळं केलं मी, पण ज्वारी माहेरून मागून आणली. लाज मलाच वाटली, त्यांना कशाला वाटेल?

जेवणं झाल्यावर मालकांनी सगळ्यांना कापूस दाखवायला नेलं. एक टपोरं बोंड तोडून अध्यक्षांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते फोडलं, तर आत गुलाबी अळी वळवळत होती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तेच. 

मालकांनी घसा खाकरला. "जिल्हा जवळ असता तर शेतकीचे साहेब लोक येळेवर आले असते," ते म्हणाले. समितीनं माना डोलावल्या.

मीही सगळ्यांच्या मागोमाग आले होते, आंबिलीचं मडकं माझ्या हातातच होतं. मी ते खाली ठेवलं.

"जिल्ह्याचं राहू द्या," मी म्हटलं. "पुडीभर वाटा दिला न्हाई तुमी अळ्यास्नी. आता बिनआवतनाच्या येऊन सगळं रान जेवून राहिल्यात. वर माझ्या ज्वारीचं पाणी पिऊन."